हिप्पोकॅम्पस शिकायचा तर आधी काप हातात घे

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहेस म्हणून सांगतो. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग. त्याच्या भागांची नावं घोकण्याआधी डिसेक्शन हॉलमध्ये मेंदूचा कोरोनल काप (एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा उभा छेद) नीट बघ. टेम्पोरल लोबच्या (कानाजवळच्या मेंदूच्या भागाच्या) आतल्या अंगाला, लॅटरल व्हेंट्रिकल या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या खालच्या शिंगाच्या तळाशी एक गुंडाळी दिसेल, तोच हिप्पोकॅम्पस. त्यातले डेंटेट गायरस आणि सीए (सीए१, सीए३ वगैरे पट्टे) हे भाग दोन हातांची वाकवलेली बोटं एकमेकांत अडकवावीत तसे बसलेले असतात. हे डोळ्यांत बसलं की आकृती सहज काढता येते.

मग संदेशांचा मार्ग वहीत बाणांनी काढ: शेजारचा एंटोरायनल कॉर्टेक्स, डेंटेट गायरस, तिथून मॉसी तंतूंनी सीए३, शाफर कोलॅटरल्सनी सीए१, पुढे सबिक्युलम. सीए१ वर खूण कर. ऑक्सिजन तुटला की तिथल्या पेशी फार लवकर मरतात.

कार्यासाठी मात्र हेन्री मोलेसन या रुग्णाची केस सावकाश वाच. १९५३ मध्ये फिट्स थांबवायला त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला. त्यानंतर भेटलेली माणसं त्याच्या लक्षात राहीनात. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे पूर्वी केलंय हे मात्र त्याला आठवत नसे! मला ही केस आजही थक्क करते.

म्हणून पेपरात ‘आठवणींचं कोठार’ लिहू नकोस. लहानपणचं त्याला बरंच आठवत होतं. नव्या घटनांची आठवण घडवणारा भाग, असं लिही. आणि शस्त्रक्रियेत अमिग्डाला हा भावनांशी जोडलेला शेजारचा भागही बराचसा गेला होता, तेही नोंदव.