बूटलोडरच्या ड्रायव्हरमध्ये पिनला नाव कोणतं द्यावं?

तुम्ही यू-बूटमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्ये) इथरनेट फायचा, म्हणजे नेटवर्कच्या तारेवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर लिहिताय आणि त्या चिपला रीसेट करणाऱ्या पिनला नाव हवंय. स्किमॅटिकवर (सर्किटच्या आकृतीवर) पिनचं नाव 'ईटीएच_एनआरएसटी', जुन्या कोडात ५३ नंबर, आणि तुमचे सीनियर म्हणतात 'फाय_इनेबल' ठेवा. माझ्या मते तिन्ही नकोत. ड्रायव्हरमध्ये नुसतं 'रीसेट' ठेवा.

नंबरचं लवकर आटोपतो. टीआयच्या एएम३३५एक्स प्रोसेसरवर ५३ म्हणजे बँक १ (पिनांचा एक गट) मधली २१ नंबरची पिन, कारण एका बँकेत ३२ पिना. प्रोसेसर बदलला की हा हिशेब गेला.

'एनआरएसटी'मधला 'एन' मात्र नीट समजून घ्या, खरा घोळ तिथेच होतो. त्याचा अर्थ, पिनवर शून्य दिलं की रीसेट लागू होतं. आम्ही हिंगणा एमआयडीसीत संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी कंट्रोलर बोर्ड बनवतो. पहिल्या बोर्डवर प्रोसेसरची पिन थेट फायच्या रीसेटला जोडलेली होती: शून्य दिलं की चिप रीसेट. पुढच्या बोर्डवर फाय १.८ व्होल्टचा आला, प्रोसेसर ३.३ व्होल्टचाच राहिला, म्हणून मध्ये एक एनपीएन ट्रान्झिस्टर बसवला. आता प्रोसेसरने एक दिला की चिप रीसेट. ड्रायव्हरमध्ये 'एनआरएसटी' असतं तर ते नाव त्या दिवसापासून खोटं बोललं असतं. आमच्याकडे नाव 'रीसेट' होतं, त्यामुळे डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डवर काय कुठे जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलच्या) एका ओळीत 'जीपीआयओ_ॲक्टिव्ह_लो'चं (शून्यावर लागू) 'जीपीआयओ_ॲक्टिव्ह_हाय' (एकावर लागू) केलं आणि ड्रायव्हरला हातही लावला नाही. जीपीआयओ म्हणजे सॉफ्टवेअरने चालवायची साधी पिन; तिला मूल्य देणाऱ्या 'डीएम_जीपीआयओ_सेट_व्हॅल्यू' या यू-बूटच्या फंक्शनला १ दिला तर त्याचा अर्थ 'रीसेट लागू कर' एवढाच. तारेवर शून्य जायचं की एक ते डिव्हाइस ट्री ठरवते. ड्रायव्हर चिपचा असतो, वायरिंग बोर्डचं.

'इनेबल' तर मुळीच नको. ते काम वेगळं आहे आणि अर्थ उलटा. उद्या त्याच चिपच्या सप्लायसाठी खरंच इनेबल पिन आली तर तिला काय म्हणणार?

'ईटीएच'चीही गरज नाही. पिन 'जीपीआयओ_रिक्वेस्ट_बाय_नेम'ने मागितली की यू-बूट नोडचं (डिव्हाइस ट्रीमधल्या त्या चिपच्या नोंदीचं) आणि प्रॉपर्टीचं (त्या नोंदीतल्या ओळीचं) नाव जोडून लेबल बनवतं. प्रॉम्प्टवर 'जीपीआयओ स्टेटस' टाका, दोन्ही एकत्र दिसतील.

स्वतःचं नाव बनवण्याआधी लिनक्स कर्नलच्या बाइंडिंग्ज (डिव्हाइस ट्रीत कोणती नावं वापरायची ते सांगणाऱ्या फाइली) उघडा, ही सवय लावूनच घ्या. तीच डिव्हाइस ट्री पुढे लिनक्सही वाचणार असते. इथरनेट फायसाठी तिथे 'रीसेट-जीपीआयओज' ठरलेलं आहे, एसडी कार्ड आहे की नाही ते पाहायला 'सीडी-जीपीआयओज', राइट प्रोटेक्टला 'डब्ल्यूपी-जीपीआयओज'. पिन एकच असली तरी शेवटी 'जीपीआयओज' लिहा, एकवचनी रूप आता जुनं झालं. 'फाय-आरएसटी-जीपीआयओ' असं काही लिहिलंत तर यू-बूट चालेल, पण लिनक्सला ती पिन सापडणारच नाही.

स्किमॅटिकचं नावही लागतंच, मल्टिमीटर घेऊन बसणाऱ्याला तेच ओळखीचं. ते जीपीआयओ कंट्रोलरच्या नोडमध्ये 'जीपीआयओ-लाइन-नेम्स'खाली लिहा, लिनक्समध्ये 'जीपीआयओइन्फो' चालवलं की दिसतं.

सीनियरना पटत नसेल तर वाद घालू नका. चिपच्या डेटाशीटमधलं पिनचं पान आणि फायची बाइंडिंग फाइल त्यांच्यासमोर शेजारी शेजारी उघडा.