‘विदर्भ’ची वेलांटी भलतीकडेच का पडते?

प्रश्न : सर, ईएसपी32 या छोट्या कंट्रोलर चिपवर घरीच ई-रीडर बनवतोय, इंग्रजी मस्त दिसते पण मराठी टाकलं की ‘विदर्भ’ची वेलांटी व च्या नंतर जाते अन् रफार सुटा पडतो. बिटमॅप फॉन्ट (ठिपक्यांच्या चित्रांचा फॉन्ट) खराब आहे का?
– एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : फॉन्टला दोष देऊ नका हो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘विदर्भ’ साठवला जातो तो व, ि, द, र, ्, भ असा, म्हणजे 6 कोड, पण पडद्यावर आधी वेलांटी, मग व, द, भ आणि भ च्या डोक्यावर रफार, आणि तुमचा प्रोग्राम एक कोड एक चित्र असं धरून चाललाय म्हणून सगळा घोळ. ही जुळणी हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं. ते कॉम्प्युटरवरच चालवा, पुस्तकातल्या प्रत्येक अक्षर-आकृतीचा फॉन्टमधला क्रमांक आणि पानावरची जागा आधीच काढून फाईलमध्ये ठेवा, रीडरने फक्त चित्रं उमटवायची.

मेमरीची काळजी नको, एका ठिपक्याला एक बिट धरला तर 24 बाय 32 ठिपक्यांची आकृती 96 बाइटची, जोडाक्षरांसकट 600 धरल्या तरी 57,600 बाइट. फक्त प्रत्येक आकृतीची रुंदी वेगळी नोंदवा, सगळ्यांना सारखा चौकोन दिलात तर शिरोरेषा तुटते आणि तुटक्या रेषेची मराठी वाचायला फार त्रास होतो.