जेवणाआधी की जेवणानंतर?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील एका उत्तरात, हात धुण्याची सवय ही जितकी आरोग्याची तितकीच संस्काराची बाब आहे, असे एक वाक्य ओघात लिहिले गेले होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रे आवश्यक तेथे संक्षेप करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत नोकरीस आहे. मागील उन्हाळ्यात आम्ही उभयता तीन महिने तिच्याकडे राहून आलो. तेथे शौचालयात पाण्याची सोय नाही, केवळ कागद. स्वच्छतेच्या बाबतीत आपण त्यांच्या पुष्कळ पुढे आहोत, असे माझे तेव्हापासून ठाम मत झाले आहे. आपणांस काय वाटते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कागदाने आपली झालेली अडचण समजण्यासारखी आहे; परंतु पाणी वापरणारे ते पौर्वात्य आणि कागद वापरणारे ते पाश्चात्त्य, अशी सरळ वाटणी करता येत नाही. इटलीत १९७५ च्या सरकारी आदेशानुसार घरातील निदान एका न्हाणीघरात बिडे, म्हणजे बसून पाण्याने धुण्याचे भांडे, असणे बंधनकारक आहे. उलट कागदाची चाल युरोपातून निघालेली नाही. सहाव्या शतकातील यान झितुई या चिनी विद्वानाने लिहून ठेवले आहे की, ज्या कागदावर ग्रंथांतील वचने किंवा सत्पुरुषांची नावे आहेत, तो शौचासाठी वापरण्याचे धाडस आपल्याला होत नाही. याचा अर्थ इतर कागद तेव्हाही त्या कामी येत होता.

आता आपल्या ठाम मताविषयी. पोटाचे आजार पसरतात ते बहुतांशी हातांवाटे, आणि पाणी वापरणाऱ्या माणसाचा डावा हात तर थेट मळाला लागतो. तेव्हा त्यानंतरच्या साबणाची गरज कागदवाल्यापेक्षा आपल्यालाच अधिक आहे. विन-गॅलप इंटरनॅशनल या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेने २०१५ साली युरोपातील निरनिराळ्या देशांत, शौचालयातून आल्यावर आपण साबणाने हात धुता का, असे विचारले होते. बोस्नियात ९६ टक्के आणि तुर्कस्तानात ९४ टक्के लोकांनी होकार दिला. नेदरलँड्समध्ये मात्र जेमतेम निम्म्यांनी. (लोक सांगतात ते आणि करतात ते यांत अंतर असते, हे अशा प्रत्येक पाहणीच्या बाबतीत गृहीत धरावे.) हे आकडे वाचून आपल्याला आनंद होईल, पण आपल्या घरचेही आकडे आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत, म्हणजे २०१८ साली, शौचानंतर साबणाने हात धुणारी कुटुंबे सुमारे ७४ टक्के आढळली, तर जेवणापूर्वी साबणाने हात धुणारी केवळ सुमारे ३६ टक्के. जेवणापूर्वी नुसत्या पाण्यावर भागवणारी कुटुंबे सुमारे ६० टक्के होती.

हा साठ टक्क्यांचा आकडा पाहण्यासाठी पाहणीचा अहवाल उघडण्याची गरज नाही. कोणत्याही खानावळीच्या बेसिनपाशी दहा मिनिटे उभे राहिले तरी पुरते. आत येणारा माणूस नळाखाली बोटांची टोके ओली करतो, दोनदा झटकतो आणि ओला हात पँटला पुसत टेबलाकडे जातो. तोच माणूस जेवण आटोपल्यावर त्याच बेसिनपाशी रांगेत उभा राहतो, साबणाची वडी दोन्ही तळव्यांत फिरवतो, रश्शाचा तवंग गेला की नाही हे नाकाशी बोटे नेऊन पाहतो आणि नखांत हळद दिसली तर पुन्हा एकदा साबण लावतो. तेलकटपणा आणि वास हे दिसणारे-कळणारे, म्हणून त्यांच्यासाठी साबण निघतो. बसच्या दांड्यावरून, नोटांवरून आणि मोबाइलवरून हातावर आलेले काही दिसत नाही, म्हणून ते घासाबरोबर पोटात जाते. हाताने जेवणाऱ्या समाजाला तरी हा उलटा क्रम परवडणारा नाही. जर्मन माणूस काट्याने जेवतो, त्याला थोडी सूट आहे. पण तोही पाव हातानेच मोडतो.

उजवा हात जेवायचा आणि डावा इतर कामांचा, हा नियम आपल्याकडे आहे, अरबस्तानात आहे आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत आहे. साबण नसलेल्या काळात तो शहाणपणाचा होता. मात्र धुताना एक हात दुसऱ्यावर चोळावा लागतो, त्यामुळे साबणाविना ही विभागणी नळापर्यंतच टिकते.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याची आवराआवर करताना पितळेचे एक पसरट, रुंद काठाचे भांडे निघाले. सासूबाई त्याला ‘तस्त’ म्हणत आणि ते पाहुण्यांच्या हातांसाठी असल्याचे सांगत. हा शब्द कोठला आणि हे भांडे वापरीत कसे? (एक वाचिका, बडोदे)

उत्तर : शब्द फारसीतून आला आहे. इराणात लांब तोटीचे एक भांडे आणि त्याखाली धरायचे एक पसरट भांडे, अशी जोडी पाहुण्यांपुढे नेण्याची रीत होती. यजमानाकडील माणूस वरून बारीक धार सोडी, पाहुणा त्या धारेखाली हात चोळी आणि मळलेले पाणी खाली तस्तात पडे. इथिओपियात इंजेरा, म्हणजे तेथील आंबवलेल्या पिठाची मोठी भाकरी, एका ताटातून सर्वांनी खाण्यापूर्वी अशीच झारी आणि घमेले पानांवरून फिरवण्याची पद्धत अजूनही आहे. आपल्याकडे तस्त नसले तरी तांब्या होताच, आणि तो आपण स्वतः न उचलता दुसऱ्याने पाणी घालावे, अशी रीत अनेक घरांत होती.

या रीतीत मानपान आहे, पण सोयही आहे. पाणी वाहते असल्यामुळे एकाचा मळ दुसऱ्याच्या हाताला लागत नाही, आणि धुणाऱ्याला भांड्याला हात लावावा लागत नाही. त्यामानाने हॉटेलात जेवणानंतर येणारी कोमट पाण्याची वाटी, लिंबाच्या फोडीसह, मला कधी पटलेली नाही. ज्या पाण्यात तेलकट बोटे बुडवायची त्याच पाण्यातून ती बाहेर काढायची. ताटात हात धुऊ नयेत, असे घरोघरी मुलांना बजावणारे आपण त्या वाटीपुढे मुकाट्याने बोटे बुडवतो, याची गंमत वाटते.

प्रश्न : सोवळे-ओवळे हे मुळात आरोग्यशास्त्रच होते आणि आपल्या पूर्वजांना जंतूंची कल्पना होती, असे व्याख्यानांतून नेहमी ऐकू येते. हे कितपत खरे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : धुणे आणि शुद्ध होणे या दोन गोष्टी बहुतेक धर्मांत शेजारी-शेजारी नांदतात, पण त्या एक नव्हेत. ज्यू धर्मातील एक नियम या दृष्टीने फार उद्बोधक आहे. पाव खाण्यापूर्वी दोन कानांच्या भांड्याने हातांवर पाणी घालण्याचा विधी त्यांच्याकडे आहे; मात्र त्याआधी अंगठी काढावी लागते आणि हातावर मळ असता कामा नये, अशी अट आहे. म्हणजे हात आधी स्वच्छ करायचे आणि मग विधीने शुद्ध करायचे. इस्लाममधील वजूत, म्हणजे नमाजापूर्वीच्या धुण्यात, मनगटापर्यंत हात, मग तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात आणि शेवटी पाय, असा क्रम आहे, आणि दिवसाच्या पाच नमाजांमुळे पाण्याशी संबंध वारंवार येतो, हा त्याचा लाभ आहेच. पण पाणी नसेल तर कोरड्या शुद्ध मातीवर हात टेकवून तयम्मुम करता येते, यावरून मूळ हेतू प्रार्थनेसाठी शुद्ध होण्याचा आहे, हे उघड होते.

जपानमधील शिंतो देवस्थानाच्या दारातही पाण्याचे कुंड असते. उजव्या हाती पळी घेऊन डाव्या हातावर पाणी घालायचे, मग हात बदलून उजव्यावर, मग डाव्या तळव्यात पाणी घेऊन चूळ भरायची (पळीला ओठ लावायचे नाहीत), डावा हात पुन्हा धुवायचा, आणि अखेरीस पळी उभी धरून उरलेले पाणी तिच्या दांड्यावरून खाली ओघळू द्यायचे, म्हणजे पुढच्याच्या हाती दांडा धुतलेला जाईल. मळक्या हाताने नळ उघडून धुतलेल्या हाताने तोच नळ बंद करणाऱ्या आपण सर्वांनी ही शेवटची पायरी ध्यानात घेण्यासारखी आहे. एवढे असूनही २०२० च्या साथीत अनेक देवस्थानांनी पळ्या काढून ठेवल्या, कारण दांडा अखेर सामाईकच होता.

आता सोवळ्याकडे येऊ. स्वयंपाकापूर्वी स्नान, धूतवस्त्र, उष्ट्या-खरकट्या हाताने साठवणीच्या अन्नाला न शिवणे, जेवणानंतर आचवणे आणि खळखळून चूळ भरणे, या गोष्टींचा आरोग्याला उपयोग झाला, हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु ज्या व्यवस्थेचा हा एक भाग होता, तिची कसोटी मळ ही नव्हती. जन्म ही होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी त्यांनी प्राशन केले. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती आणि त्याबद्दल कोणाची हरकत नव्हती. माणसे पाणी प्याल्यावर मात्र तळे बाटल्याची हाकाटी झाली, आणि सनातन्यांनी शेण आणि गोमूत्र असलेले पंचगव्य मंत्रोच्चारांसह पाण्यात मिसळून ते ‘शुद्ध’ करून घेतले. पिण्याच्या पाण्यात शेण घालून जे साधते, त्याला आरोग्यशास्त्र म्हणता येणार नाही. तळे सर्वांना खुले असल्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय यायला १९३७ साल उजाडले. जंतूंची कल्पना असलेल्या समाजाने, गावाची घाण रोज उचलणाऱ्याच्या हातांना पाणी मिळू नये, अशी तजवीज केली नसती.

प्रश्न : माझी आजी साबण स्वयंपाकघरात येऊ देत नसे, चुलीतली राख वापरी. राखेने हात खरोखर स्वच्छ होतात का? (एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : होतात, पण साबणाइतके नाहीत. लाकडाच्या राखेत क्षार असतात, ते तेलकटपणा तोडतात, आणि तिचा खरखरीतपणा मळ घासून काढतो. साबण अजिबात हाताशी नसेल तेव्हा चाळलेली कोरडी राख आणि भरपूर पाणी वापरण्यास हरकत नाही. अंगणातील माती मात्र टाळावी. तीत जंतांची अंडी असू शकतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ घरोघरच्या सोयींची मोजदाद करतात, तेव्हा राख, माती, वाळू यांना साबणाच्या पंक्तीला बसवत नाहीत. आजींच्या नकारालाही कारण होते. त्या काळचा बराचसा साबण प्राण्यांच्या चरबीचा असे. अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ साली वनस्पती तेलापासून केलेला ‘चावी’ साबण आणला, तो हीच अडचण ओळखून.

प्रश्न : १५ ऑक्टोबरच्या जागतिक हात धुणे दिनासाठी शाळेत एखादी गोष्ट आणि एखादा प्रयोग हवा आहे. सुचवाल का? (एक शिक्षिका, जालना)

उत्तर : गोष्ट व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयाची सांगा. तेथे दोन प्रसूती विभाग होते, एक डॉक्टरांचा आणि एक सुइणींचा. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुइणींच्या विभागात तीनहून कमी. गरीब बाया पहिल्या विभागात जाण्यापेक्षा वाटेत बाळंत होणे पत्करीत. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर या फरकाने अस्वस्थ होता. १८४७ साली त्याच्या एका सहकाऱ्याला शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागली आणि तो बाळंतिणींसारख्याच लक्षणांनी मरण पावला. तेव्हा सेमेलवाइसच्या लक्षात आले की, डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेते चिरून तेच हात घेऊन बाळंतिणींकडे येतात. सुइणी प्रेतांना हात लावत नाहीत. साबणाने धुतल्यावरही हाताला प्रेताचा वास राहतो, हे त्याला ठाऊक होते, म्हणून वास घालवणारे क्लोरिनयुक्त चुन्याचे पाणी त्याने दारात ठेवले. आपल्याकडे विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर म्हणजे हाच चुना. १८४८ साली त्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण सव्वा टक्क्यापर्यंत उतरले. तरीही अनेक मोठ्या डॉक्टरांनी ते मानले नाही. आपले हात मृत्यू वाहून नेतात, हे सभ्य गृहस्थाला ऐकवत नव्हते, आणि जंतूंचा सिद्धान्त अजून यायचा होता. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. तेवढा शेवट लहान वर्गांना सांगू नये.

प्रयोगाला खर्च नाही. चमचाभर गोडेतेलात हळद कालवून मुलांच्या दोन्ही हातांना चोळा. निम्म्या मुलांना नुसत्या पाण्याने नेहमीसारखे धुऊ द्या, निम्म्यांना वीस आकडे मोजत साबणाने. पाणी तेलाला धरत नाही. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला चिकटते आणि दुसरे पाण्याला, म्हणून तो तेल ओढून नेतो. मग सर्वांना पांढऱ्या कागदावर हात पुसायला लावा. नंतर साबणवाल्यांचेही हात तपासा, आणि अंगठ्याच्या मागची बाजू, बोटांच्या बेचक्या व नखांच्या कडा कोठे पिवळ्या राहिल्या आहेत, ते मुलांनाच एकमेकांना दाखवू द्या. गणवेश पांढरा असेल तर त्या दिवशी बाह्या दुमडायला आधीच सांगून ठेवा. हळदीच्या डागांबद्दल पालकांचे फोन मुख्याध्यापकांकडे येतात.