संगिनीचं म्यान, खोळ की गवसणी?

गिरगावातल्या एका वाचकाचा प्रश्न: मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंच्या दुकानात बंदुकीच्या संगिनीचं रिकामं चामडी आवरण दिसलं, दोन्ही टोकांना लोखंड होतं. ‘म्यान’ हा शब्द फक्त तलवारीसाठीच का? आणि त्या लोखंडी भागांना मराठीत काय म्हणायचं?

खुशाल म्यान म्हणा. कट्यारीला चालतं, जंबियाला चालतं, मग संगिनीनंच काय घोडं मारलंय? खोळ उशीची आणि गवसणी तंबोऱ्याची. दोन्ही मऊ, पातं घातलं तर फाटतील. फारसीत ‘मियान’ म्हणजे मध्य, कंबर. आपल्या ‘दरम्यान’मध्ये बसलाय तो हाच. मात्र मराठीत ‘ते म्यान’. मुंबईत हल्ली ‘तलवारीची म्यान’ सर्रास ऐकू येतं, ती हिंदीची लागण.

लोखंडी भागांचे शब्द तर तयारच आहेत. तोंडाशी असते ती मुहनाल, तळाच्या टोकाला असते ती तहनाल. मुँह आणि तह, म्हणजे तोंड आणि तळ. तलवारीच्या म्यानाचे हे शब्द संगिनीला जसेच्या तसे लागू पडतात, कारण बांधणीच तशी आहे. ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीची 1907 च्या नमुन्याची संगीन घ्या. पातं 17 इंची. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही ती बनायची. म्यानाचं अंग चामड्याचं, शिवण मागच्या बाजूला. मुहनालीच्या आत पातं घट्ट धरणाऱ्या पातळ स्प्रिंगा, त्यामुळे धावताना संगीन खुळखुळत नाही की निसटत नाही. तहनाल नसती तर टोकानं चामडं केव्हाच भोसकलं असतं.

दुर्मीळ नगाची गंमत इथेच आहे. सुरुवातीच्या काही म्यानांत तहनाल चामड्याच्या आत असे, बाहेरून टोकाला नुसतं चामडंच दिसे. अशा नगाला ‘तहनाल नाही’ म्हणणं चूक. ‘आतल्या तहनालीचं म्यान’ म्हणावं. तुम्ही पाहिलेल्याचं लोखंड बाहेर दिसतंय, म्हणजे ते या जातीचं नव्हे. दुकानदार दुर्मीळ म्हणून भाव चढवत असेल तर हे लक्षात असू द्या.

मुहनालीवर बाहेरून एक उंचवटा असतो, तो पट्ट्याच्या चामडी अडकणीत बसतो. त्याला मी सरळ ‘गुंडी’ म्हणेन. अडकणीला मात्र फौजेत ‘फ्रॉग’ म्हणतात आणि तोच ठेवावा. ‘बेडूक’ केलात तर लोक हसतील.

जाता जाता: ‘संगीन’चं सामान्यरूप ‘संगिनी’, त्यामुळे ‘संगिनीचं म्यान’ वाचून कुणाला सहचरीची आठवण झाली तर इलाज नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सांभाळा: संगीन, पण संगिनीचं.