'संसारा' चित्रपटात दाखवलंय तसं मठ सोडून आलेल्या माणसाला संसार खरंच इतका जड जातो का?

जातो. पण पॅन नलिन यांच्या या २००१ च्या चित्रपटाबद्दल लोक जे बोलतात, त्या कारणाने नाही. मी स्वतः सात वर्षं एका आश्रमात काढून घरी आलेला माणूस आहे, म्हणून लिहितोय.

सगळ्यांना त्यात वासनाच दिसते. लडाखमधला भिक्खू ताशी, तीन वर्षं, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस एकांतात ध्यान करतो आणि बाहेर आल्यावर पेमाच्या प्रेमात पडतो, मठ सोडून तिच्याशी लग्न करतो, झालं! अहो, वासनेचं काय ते होऊन जातं. जड जातं ते रोजचं ठरवणं. आश्रमात पहाटेच्या घंटेपासून रात्रीच्या घंटेपर्यंत सगळं ठरलेलं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनीने विचारलं, "भावजी, भाजी कोणती करू?" मला सांगताच येईना. "असेल ती," म्हणालो. ती रोज विचारायची, मी रोज तेच म्हणायचो. पंधराएक दिवसांनी दादा जेवता जेवता कडाडला, "तू दोनदा पळालास. एकदा इथून, एकदा तिथून."

ते 'दोनदा' मी बारा वर्षं उगाळतोय. न पटणाऱ्या जागी जन्मभर बसून राहण्यात कसली आलीय मर्दुमकी? ताशीचंच बघा. धान्याचा व्यापारी दावा वजनात मारतो, हे पकडलं कोणी? मठातून आलेल्या या नवख्याने. (दादाच्या दुकानाच्या वहीतल्या चुका मीही काढल्या होत्या. त्याला आवडलं नाही, तो वेगळा विषय.)

पुढे हाच ताशी मजुरीला आलेल्या सुजाताच्या नादी लागतो आणि शेवटी बायको-मुलाला झोपेत सोडून, सिद्धार्थासारखा, रात्रीचा मठाकडे निघतो. वाटेत पेमा त्याला गाठते आणि यशोधरेबद्दल विचारते: सिद्धार्थ गेल्यावर तिचं काय झालं, राहुलला तिने काय सांगितलं असेल? आम्ही हा चित्रपट घरी एकत्र बघितला. या प्रसंगाला दादा पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी लगेच म्हणालो, "माझ्या मागे बायको-पोर नव्हतं." त्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "आईंचं दुखणं सहा महिने मी काढलं, भावजी."

मग मी काही बोललो नाही.

हो, एक राहिलं. ताशीला पाचव्या वर्षी मठात घातलेलं, मी सव्विसाव्या वर्षी आपल्या पायांनी गेलो. तेव्हा माझ्यावरून त्याला मोजू नका. चित्रपटात उघडे प्रसंग आहेत, मुलांना घेऊन बसू नका. आणि तुमच्या घरी कोणी असं परत आलं असेल, तर त्याला "काय हवं?" असं मोघम विचारू नका, दोन भाज्यांची नावं घ्या. आठवड्याभरात हिशेबाची वही त्याच्या हातात द्या. दादाने अजून दिलेली नाही.