बरिअलचा पहिला अल्बम ऐकणार असशील तर

डबस्टेप हा इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकार म्हणजे नुसता दणदणाट असं धरून बसला असशील, तर आधी बरिअल या ब्रिटिश संगीतकाराचा पहिला अल्बम ऐक. २००६ साली लंडनच्या हायपरडब लेबलने काढलेला. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, खालचा बेस तिथे ऐकूच येत नाही. चांगले हेडफोन लाव, शक्यतो रात्री.

त्याने हे सगळं साउंड फोर्ज या आवाज संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सिक्वेन्सर (ठोके आपोआप तालात बसवणारं साधन) न वापरता जुळवलं. म्हणून ताल किंचित मागेपुढे होतो आणि मला तर तीच खरी गंमत वाटते! ‘डिस्टंट लाइट्स’मध्ये खरखरीमागून येणाऱ्या तुटक आवाजाकडे नीट कान दे. ‘नाइट बस’मध्ये ड्रम नाहीत म्हणून पुढे ढकलू नकोस. सुरुवातीला सगळं एकसारखं वाटेल, वाटू दे. ‘अनट्रू’ या त्याच्या दुसऱ्या अल्बमकडे त्यानंतरच वळ.