कोकणात राहून हिमनदीतल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाची तयारी करता येईल का?

तुम्ही रत्नागिरीत एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करताय, पुढे हिमनद्यांवरच्या जीवाणूंवर काम करायचंय, आणि विचारताय की जिथे बर्फ फक्त मासळीच्या टोपलीत दिसतो तिथे तयारी काय करणार?

त्याच बर्फावर करा. चेष्टा नाही. या विषयात जीवाणू सापडणं कठीण नसतं. सापडलेला जीवाणू बर्फातलाच आहे हे दाखवणं कठीण असतं. हिमनदीच्या आतला बर्फ वितळवला तर एका मिलिलीटरमध्ये साधारण शंभर ते दहा हजार पेशी निघतात. इतक्या कमी मालात हातमोज्यावरचा एक डागही निकाल फिरवतो. म्हणून बाहेरची घाण आत न नेता आतला बर्फ काढायला आधी शिका.

मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यातून अख्खी लादी आणा, फोडलेला बर्फ नको. लादी बाहेरून आत गोठत जाते, त्यामुळे क्षार, हवा आणि जंतू मध्यभागी ढकलले जातात. तो पांढरट गाभा सोडून कडेचा काचेसारखा भाग कापा, किलोभर पुरे. (हिमनदीतही बारीक प्रमाणात हेच होतं: बर्फाच्या स्फटिकांमधल्या खारट शिरांत पेशी गोळा होतात.) तुकडा रात्रभर उणे 20 अंशांना ठेवा. मग बेकरीच्या यीस्टचं द्रावण, मिलिलीटरला दहा लाख पेशींच्या आसपास, सगळीकडून ब्रशने लावा आणि पुन्हा गोठवा. यीस्ट ही आपली खूण: ती आतल्या बर्फात सापडली, तर बाहेरची घाण आत गेली.

आता लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेली निर्जंतुक हवा सोडणाऱ्या कपाटात) आधी कोरडाच खरवडा. सगळ्या बाजूंनी 5 ते 10 मिलिमीटर, आणि प्रत्येक बाजूला नवी निर्जंतुक सुरी. मग बंद निर्जंतुक डब्यात 4 अंशांना पृष्ठभाग ओलसर होईपर्यंत थांबा. इथे घाई नडते: उणे 20 च्या बर्फावर पाणी ओतलं की तडे जातात आणि धुण्याचं पाणीच यीस्टला आत घेऊन जातं. त्यानंतर 0.2 मायक्रॉनमधून गाळून ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या) थंड पाण्याने तीनदा धुवा. प्रत्येक धुण्यातलं थोडं पाणी अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर घाला. उरलेला बर्फ 4 अंशांनाच वितळू द्या, एखादा दिवस जाईल. सगळं पाणी फिल्टरमधून ओढून फिल्टर क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घातलेल्या अगारवर ठेवा, म्हणजे जीवाणू दबतील आणि यीस्ट दिसेल. पहिल्या धुण्यात मोजता येणार नाहीत इतक्या वसाहती, तिसऱ्यात तुरळक, आतल्या बर्फात शून्य, असं आलं की हात बसला. सोबत ऑटोक्लेव्ह केलेल्या पाण्याचा बर्फ करून त्यावर यीस्ट न लावता तेच सगळं करा. हा कोरा नमुना नसेल तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे दमट हवा. थंड बर्फ उघड्यावर आला की त्यावर लगेच पाणी धरतं, आणि त्या थेंबांत हवेतले बुरशीचे बीजाणू येऊन बसतात. पावसाळ्यात तर क्लॅडोस्पोरियम आणि ॲस्परजिलस हमखास. हे काम डिसेंबर-जानेवारीत किंवा एसी चालू असलेल्या बंद खोलीत करा, आणि शेजारी 15 मिनिटं एक प्लेट उघडी ठेवून हवेत काय आहे ते बघा. वादळात वीज जाते, त्यासाठी डीप फ्रीझरमध्ये गोठलेल्या पाण्याच्या ग्लासावर एक नाणं ठेवा. नाणं बुडून गोठलेलं दिसलं, तर नमुने मधे वितळले होते.

थंडीतले जीवाणू वाढवताना आर-टू-ए अगार (कमी पोषकद्रव्यांचं माध्यम) दहापट पातळ करा आणि 4 व 15 अंशांना ठेवा. चार ते आठ आठवडे धीर धरा. 37 अंशांच्या इन्क्युबेटरकडे बघूही नका. प्लेट जाड ओता आणि कडेला पॅराफिल्म (ताणता येणारी मेणचट पट्टी) लावा, नाहीतर फ्रीजमध्ये त्या वाळून पापड होतात.

डीएनएच्या कामात डीएनए काढायच्या किटमधूनच रॅल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम या जीवाणूंचा डीएनए येतो, त्वचेवरून क्युटिबॅक्टेरियम. म्हणून गाळण्याचा, डीएनए काढण्याचा आणि पीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवण्याचा) कोरा नमुना वेगवेगळा ठेवून तिन्हींचं सिक्वेन्सिंग करा, म्हणजे त्यांतल्या डीएनएचा क्रम वाचा.

हिमनदीच्या पृष्ठभागावर मात्र गर्दी असते. काळी धूळ ऊन शोषून बर्फात खड्डे पाडते. त्या धुळीला क्रायोकोनाइट हे नाव नॉर्डेनशेल्ड या संशोधकाने 1870 च्या ग्रीनलंड मोहिमेत दिलं. तिचे कण तंतुमय सायनोबॅक्टेरियांनी (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंनी) बांधलेले असतात. त्याचा सराव सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या पठारावर होतो. कातळावरचा काळा थर पाऊस पडला की जिवंत होतो, त्यातही तंतुमय सायनोबॅक्टेरिया असतात. जांभ्यातलं लोह पीसीआर अडवतं. नमुना पातळ करून किंवा बीएसए हे प्रथिन घालून पाहा. खनिजकणांत पेशी कशा लपतात, हेही डॅपी (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळेल.

खऱ्या बर्फासाठी लांब जायला नको. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे. त्यांचं 'हिमांश' हे केंद्र 2016 पासून हिमाचलातल्या स्पितीत 4,000 मीटरच्या वर आहे, आणि आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला 2008 पासून 'हिमाद्री'. प्रबंधासाठी तिथे विचारणा कराल तेव्हा यीस्टच्या प्रयोगाचा तक्ता जोडा, कोऱ्या नमुन्यांच्या आकड्यांसकट.